झोत स्थिर ठेवायचा तो कुठपर्यंत?

शंकेखोर : सर, आधी एक सांगून टाकतो. मला विज्ञानाचा राग नाही. पण यवतमाळ जिल्ह्यात बसून कणत्वरकातला झोत स्थिर कसा ठेवायचा यावर बोलत राहणं मला खटकतं. इथे ओलितासाठी रात्री लाइन येते आणि दाब कमी पडला की मोटार जळते. झरी-मारेगावकडच्या बाईला साध्या तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यावं लागतं. आणि जगातले हुशार लोक इलेक्ट्रॉनांचा झोत केसाच्या जाडीच्या काही अंशानेही सरकू नये म्हणून आयुष्य खर्ची घालतात. घालोत बापडे. पण त्याचा भार आपल्या देशाने का उचलायचा? जीनिव्हाच्या मोठ्या यंत्रासाठी आपण हजारो जॅक आणि दुरुस्ती-चुंबक दिले, इंदूरला सिंक्रोट्रॉनची वलयं बांधली, तुर्भ्याला प्रोटॉनचा त्वरक उभा केला. यातलं वणीच्या खाणकामगारापर्यंत किंवा कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत काय पोचलं, एवढंच मला विचारायचं आहे.

उत्साही : पोचलं आहे, भाऊ, फक्त ते त्या नावाने ओळखलं जात नाही. आपल्याकडे खर्रा किती खाल्ला जातो ते तुम्हाला सांगायला नको. तोंडाचा कर्करोग झालेली माणसं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. डॉक्टर त्यांना शेक घ्यायला सांगतात. मग कुणी सेवाग्रामला जातं, कुणी अमरावतीला, कुणी नागपूरला. ज्या यंत्राखाली ते झोपतात त्याला रेषीय त्वरक म्हणतात, आणि तो अस्सल कणत्वरकच असतो. सेवाग्रामच्या रुग्णालयात तर मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेने देशात बनवलेला त्वरक बसवला गेला. ‘समीर’ची मुळं टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेत. तिथल्या सूक्ष्मलहरींच्या एका छोट्या विभागातून 1984 मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली, पवईच्या आयआयटीच्या आवारात. तिचं पहिलं यंत्र 1990 च्या सुमाराला चंदीगडच्या पीजीआयमध्ये लागलं. विदर्भातल्या रुग्णाच्या जबड्यावर नेम धरणारा झोत पवईत शिकून आलेला आहे. त्याच्या स्थिरतेचा प्रश्न आपला नाही असं मी तरी म्हणणार नाही.

शंकेखोर : ते यंत्र मी पाहिलं आहे. नात्यातल्या माणसाला घेऊन गेलो होतो. खोलीचं दार बंद होतं, थोडा वेळ घरघर ऐकू येते आणि माणूस बाहेर येतो. त्यात जगावेगळं संशोधन मला काही दिसलं नाही. एक्स-रेचं मोठं यंत्र म्हणा.

उत्साही : त्या घरघरीत काय चाललेलं असतं ते सांगतो. यंत्राच्या आत तांब्याच्या पोकळ्यांची एक नळी असते, साधारण हातभर लांबीची. आतली हवा काढून टाकलेली. एका टोकाला तापवलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात. मॅग्नेट्रॉन नावाचा भाग नळीत सुमारे 3 गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी सोडतो. त्या सतत नसतात, काही मायक्रोसेकंदांचे झटके असतात, सेकंदाला शे-दोनशे. त्या लहरींवर स्वार होऊन इलेक्ट्रॉन हातभर अंतरात जवळपास प्रकाशाचा वेग गाठतात आणि टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात. त्यातून जे क्ष-किरण निघतात, ते रुग्णापर्यंत जातात. आता गंमत पाहा. पोकळीचा आकार आणि लहरीची वारंवारता यांचा मेळ बसला तरच इलेक्ट्रॉनांना पूर्ण ऊर्जा मिळते. तांबं एक अंश सेल्सिअसने तापलं तर लांबीत लाखात पावणेदोन भाग वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण 3 गिगाहर्ट्झला त्याचा हिशेब होतो सुमारे 50 किलोहर्ट्झ, आणि ही पोकळी ज्या पट्ट्यात नीट काम करते तो पट्टाच काहीशे किलोहर्ट्झचा. तीनचार अंश इकडेतिकडे झाले की झोत ढेपाळतो. म्हणून नळीभोवती ठरावीक तापमानाचं पाणी सतत फिरवतात, आणि एक मंडल वारंवारतेवर डोळा ठेवून मॅग्नेट्रॉनला क्षणोक्षणी जुळवून घेतं. पुढे झोताच्या वाटेवर दोन स्वतंत्र आयनकक्ष असतात. डावीकडे जास्त पडतंय का, उजवीकडे कमी पडतंय का, एकूण किती पडलं, हे ते मोजतात. झोत कलला तर वळण देणाऱ्या चुंबकांच्या वेटोळ्यांतला प्रवाह बदलतो. कलणं मर्यादेबाहेर गेलं तर यंत्र स्वतःहून बंद होतं. गाठीला मिळणारा डोस ठरवल्यापेक्षा 5 टक्क्यांहून जास्त चुकू नये, हा दंडक 1970 च्या दशकापासून आहे. कमी पडला तर गाठ राहते, जास्त पडला तर जबड्याचं हाड सडू शकतं. तुमचा माणूस झोपला होता तेव्हा त्या घरघरीत हे सगळं सुरू होतं.

शंकेखोर : मान्य. चांगलं यंत्र आहे. पण तुम्ही सांगता ते सुटलेलं गणित आहे. कारखान्यात बनणारी वस्तू. तिच्या आडोशाने तुम्ही जीनिव्हाच्या 27 किलोमीटरच्या बोगद्याची भलावण करता, ते मला पटत नाही. तिथले लोक मूलकणांच्या मागे आहेत, आपल्या जबड्यांच्या मागे नाहीत.

उत्साही : गणित सुटलं कुणामुळे? दवाखान्यासाठी म्हणून कुणी ते सोडवायला बसलं नव्हतं. मोठ्या यंत्रांत झोत फुटायला लागला, तेव्हा ते हातात घ्यावं लागलं. झोत नळीतून जाताना भिंतीच्या धातूत आपल्या विद्युतक्षेत्राचा माग ठेवून जातो. मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या गुच्छाला त्या मागाचा धक्का बसतो, तो जरासा हलतो, आणि त्याचा माग पुढच्याला आणखी जोरात ढकलतो. 1966 मध्ये कॅलिफोर्नियातला दोन मैलांचा त्वरक सुरू झाला आणि प्रवाह वाढवू लागल्यावर लक्षात आलं की एका मर्यादेपुढे झोत शेपटीकडून डोलायला लागतो आणि नळीच्या भिंतीवर जाऊन संपतो. बाहेरचं कुणी त्याला हलवत नव्हतं. झोतच स्वतःला हलवत होता. स्थिरतेच्या संशोधनाचा गाभा मला इथे दिसतो. बाहेरचे हेलकावे वेगळे, आणि झोताच्या स्वतःच्या पोटातून उठणारी अस्थिरता वेगळी. पहिल्यांना चांगला पाया आणि चांगली वीज पुरते. दुसरीसाठी पोकळ्यांचा आकार बदलावा लागतो, चुंबकांची रचना बदलावी लागते, आणि झोतावर पाळत ठेवून त्याला प्रत्येक फेरीत सावरावं लागतं.

शंकेखोर : प्रत्येक फेरीत म्हणजे?

उत्साही : इंदूरचं इंडस-2 घ्या. तिथल्या सिंक्रोट्रॉनच्या वलयांपैकी हे एक. परीघ सुमारे 172 मीटर, 2005 मध्ये त्यात झोत फिरला. इलेक्ट्रॉन तिथे सेकंदाला 17 लाखांहून जास्त फेऱ्या मारतात, आणि एकदा भरलेला झोत कित्येक तास वापरायचा असतो. त्याच्या उजेडात लोक प्रथिनांचे स्फटिक बघतात, धातूंच्या पातळ थरांची तपासणी करतात. झोताची उभी जाडी काही दशांश मिलिमीटरपेक्षाही बारीक, आणि त्याच्या दहाव्या भागाहून जास्त तो हलू नये अशी अपेक्षा. तुम्ही शेतकरी, म्हणून डवरणीचं सांगतो. तास सरळ निघाला म्हणजे बैल सरळ चालले असा त्याचा अर्थ होत नाही. बैल सारखे वाकडे जातच असतात, डवऱ्यावरचा हात दर पावलाला त्यांना जरासा परत आणतो. हात काढला की दहा पावलांत पऱ्हाटी डवऱ्याखाली. झोताचंही तसंच आहे. स्थिर झोत असं निसर्गात काही नसतं. सतत सावरला जाणारा झोत असतो.

शंकेखोर : डवऱ्याचं पटलं. पण मग माझाच मुद्दा पक्का होतो. हात कुणाचा?

उत्साही : त्यावर येऊ. त्याआधी हात किती लांब पोचावा लागतो ते ऐका. जीनिव्हाला आज जिथे एलएचसी हे मोठं यंत्र आहे त्याच बोगद्यात आधी लेप नावाचं यंत्र होतं. झोताची ऊर्जा अतिशय बारकाईने मोजली की ती दिवसभरात हलकेच खालीवर होताना दिसायची. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उलगडलं की कारण चंद्र आहे. समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही येते, तिचं कवच किंचित फुगतं, आणि 27 किलोमीटरचा परीघ सुमारे एका मिलिमीटरने बदलतो. मग आणखी एक खोड सापडली. ती दिवसा असायची, मध्यरात्रीनंतर काही तास थांबायची. 1995 मध्ये कळलं की ती जीनिव्हाहून सुटणाऱ्या वेगवान रेल्वेची आहे. रुळांतून जमिनीत झिरपणारा विजेचा प्रवाह यंत्राच्या नळीपर्यंत पोचत होता. हे मला फार मोलाचं वाटतं. तिथल्या लोकांनी झोत स्थिर ठेवायचं मनावर घेतलं, आणि त्यांना चंद्रही हिशेबात घ्यावा लागला, रेल्वेचं वेळापत्रकही.

शंकेखोर : सर, तुम्ही स्वतःच्याच तोंडून बोललात. जगातल्या सगळ्यांत समृद्ध देशांच्या मधोमध, सगळ्यांत चांगल्या विजेवर चालणारं यंत्र, आणि त्याला रेल्वेच्या झिरपत्या प्रवाहाचा त्रास. मग तसं नाजूक यंत्र आपल्याकडे कशाला? तुम्ही इतका वेळ एका नावाला बगल देताय. कोबाल्ट. भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन बनवला, 2005 मध्ये खारघरला लावला, व्हिएतनामलाही दिला. त्यात झोत सावरायची भानगडच नाही. कोबाल्ट-60 चा तुकडा शिशाच्या डोक्यात बसलेला. झडप उघडली की किरण, बंद केली की नाही. मॅग्नेट्रॉन नाही, निर्वात नळी नाही, 3 गिगाहर्ट्झ नाही. लाइन गेली तरी अणूचा क्षय थांबत नाही. तुमच्या मायक्रोसेकंदाच्या पाळतीपेक्षा निसर्गाने दिलेली ही स्थिरता मला जास्त भरवशाची वाटते. गरीब जिल्ह्याने गरीब जिल्ह्याच्या पोटाला मानवेल ते यंत्र घ्यावं.

उत्साही : हा आक्षेप खरा आहे, आणि मी त्याला हलकं उत्तर देणार नाही. कोबाल्टने या देशात लाखो लोकांना शेक दिला आहे. पण तो स्थिर आहे हे म्हणणं तपासून घ्या. त्याचं अर्धायुष्य 5.27 वर्षं. दर महिन्याला तो सुमारे एका टक्क्याने मंदावतो. नवीन तुकड्याखाली दोन मिनिटं लागत असतील तर पाच वर्षांनी तेवढ्याच डोससाठी चार मिनिटं. मान दुखणारा, लाळ गिळता न येणाऱ्या माणसाने तेवढा वेळ मुखवट्याखाली हलायचं नाही. रांग दुप्पट लांब होते. मग नवीन तुकडा आणायचा, जुना सुरक्षित परत न्यायचा. तो किरणोत्सारी माल आहे, त्याचा पहारा कायमचा. आणखी एक. कोबाल्टचा तुकडा दीडदोन सेंटिमीटर रुंद असतो, त्यामुळे किरणांच्या कडेला धूसर पट्टा पडतो. त्वरकात इलेक्ट्रॉन टंगस्टनवर ज्या ठिपक्यात आदळतात तो दोनतीन मिलिमीटरचा. गाठ आणि लाळग्रंथी यांच्यात बोटभर अंतर असेल तेव्हा हा फरक माणसाला जन्मभर जाणवतो. तोंड कायमचं कोरडं पडलेला माणूस भाकरी कशी खातो ते तुम्ही पाहिलं असेलच.

शंकेखोर : पाहिलं आहे. पाणी पीत पीत खातो. ठीक, धूसर कडेचं मी मान्य करतो. पण बंद पडलेल्या त्वरकाची कड किती धारदार असते? आमच्या त्याच नातेवाइकाचा शेक मध्येच थांबला होता. कोणत्या रुग्णालयात ते सांगत नाही. यंत्राचा सुटा भाग बाहेरून यायचा होता. आम्ही सकाळची पहिली बस धरून जायचो आणि ‘आज मशीन बंद आहे’ ऐकून परत यायचो. डॉक्टरीण बाईंनी नंतर मला जे समजावलं ते मी विसरलो नाही. तोंडाच्या कर्करोगाला साडेसहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, असा शेक लागतो. मधले दिवस गेले की गाठीतल्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. उपचार जितके दिवस लांबतात तितका गाठ आटोक्यात येण्याचा संभव घटतो, दिवसाला साधारण एक ते दीड टक्का. आता सर, तुमच्याच भाषेत हिशेब करा. तुम्ही मॅग्नेट्रॉनला पाण्याने थंड ठेवून, दोन दोन आयनकक्ष लावून, रोज सकाळी तपासून डोस दोनतीन टक्क्यांच्या आत आणता. आणि यंत्र आठवडाभर बंद राहिलं, किंवा उमरखेडच्या माणसाची बस चुकली, किंवा पेरणीत घरी राहणं भाग पडलं, तर पाच दिवसांत पाचसात टक्के गेले. तुमच्या सगळ्या फीडबॅकची कमाई एका आठवड्यात बुडाली. मग झोताची स्थिरता तुम्ही कुठपर्यंत मोजता? नळीच्या तोंडापर्यंत? खोलीच्या दारापर्यंत? की माणसाच्या घरापर्यंत?

उत्साही : हे मी या पद्धतीने कधी मांडलं नव्हतं. टक्क्यांची तुलना अगदी काटेकोर नाही, डोसमधला टक्का आणि बरं होण्यातला टक्का एकच नव्हे. पण तुमचा रोख बरोबर आहे. भौतिकशास्त्राने मायक्रोसेकंद सांभाळला, सेकंद सांभाळला, दिवसाची सकाळ सांभाळली. आठवडा कुणी सांभाळत नाही. याच अंगाने थोडंफार काम मात्र सुरू झालं आहे. 2016 मध्ये जीनिव्हाच्या त्याच सर्न संस्थेत एक बैठक झाली, विषय असा की जिथे वीज बेभरवशाची, उकाडा जास्त आणि दुरुस्त करणारे हात कमी, तिथे टिकेल असा त्वरक कसा बनवायचा. त्यातून पुढे स्टेला नावाचा प्रकल्प निघाला. मंडळींनी आधी नायजेरिया, बोट्स्वाना आणि इंग्लंड इथल्या यंत्रांच्या बिघाडांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. झोताला आकार देणाऱ्या टंगस्टनच्या पट्ट्या, त्या हलवणाऱ्या बारीक मोटारी, या सगळीकडेच जास्त बिघडतात. पण निर्वात व्यवस्थेची दुखणी मुख्यतः आफ्रिकेत दिसली. कणत्वरकाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी बिघाडाच्या वह्या वाचणं हेही मला संशोधनच वाटतं.

शंकेखोर : मलाही वाटतं. पण त्याला किती मान आहे ते सांगा. चंद्राची भरती शोधणाऱ्याचं नाव होतं. मोटार का जळते हे शोधणाऱ्याला कोण विचारतं?

उत्साही : आज कमी विचारतात. पण तुम्ही आठवड्याचा प्रश्न काढलात, तर त्याचं एक उत्तर यंत्राच्या बाजूनेही आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. रुग्णाच्या फेऱ्या कमी करायच्या असतील तर शेक कमी वेळांत द्यायला हवा. तीसपेक्षा दहा, दहापेक्षा पाच. याच्याही पलीकडे फ्लॅश नावाची गोष्ट आहे. नेहमीच्या शेकात मिनिटाला काही ग्रे इतका डोस पडतो. फ्लॅशमध्ये सेकंदाला 40 ग्रेपेक्षा जास्त, सगळा खेळ एका सेकंदाच्या आत. 2014 मध्ये पॅरिसच्या क्युरी संस्थेतल्या गटाने उंदरांवर दाखवलं की इतक्या झपाट्याने दिलं तर गाठीवर परिणाम तसाच होतो आणि निरोगी ऊती मात्र बऱ्याच वाचतात. 2018 मध्ये लोझानला त्वचेच्या गाठीच्या एका रुग्णाला 90 मिलिसेकंदांत 15 ग्रे दिले. हे अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे, तोंडाच्या कर्करोगाचं औषध म्हणून मी ते सांगत नाही. पण झोताच्या दृष्टीने बघा. तीस शेकांत एखाद्या दिवशी एक टक्का जास्त, एखाद्या दिवशी एक टक्का कमी पडलं तर बेरजेत जवळपास फिटून जातं. सगळा डोस दहाबारा झटक्यांत द्यायचा तर फिटायला जागाच उरत नाही. दहापैकी एक झटका निम्मा पडला की डोसमधले 5 टक्के गेले. नेहमीचे आयनकक्ष एवढ्या माऱ्यात गुदमरतात, खरं मोजतच नाहीत. आणि मोजून, ठरवून, सावरायला हातात राहतात काही मिलिसेकंद. तुमच्या उमरखेडच्या माणसाच्या तीस फेऱ्या वाचवायच्या असतील, भाऊ, तर झोत आजच्यापेक्षा कितीतरी पटीने स्थिर लागेल. तुम्ही ज्याला चैन म्हणत होतात, तेच नेमकं लागेल.

शंकेखोर : थांबा. फेऱ्या कमी करायला फ्लॅशच लागतं असं नाही. त्याच डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, इंग्लंडमध्ये स्तनाच्या कर्करोगाला पाच शेकांत, एका आठवड्यात भागतं हे 2020 मध्ये सिद्ध झालं. साध्याच यंत्रांवर. नवा त्वरक नाही, नवा झोत नाही. हजारो बायकांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याची चिकाटी लागली, बस्स. म्हणजे आठवड्याचा प्रश्न डॉक्टरांच्या नोंदवह्यांनी अर्धा सोडवला. तुमचं भौतिकशास्त्र तिथे प्रेक्षक होतं.

उत्साही : प्रेक्षक नव्हतं. पाच शेकांत देण्याची हिंमत झाली, कारण प्रत्येक शेक नेमका पडतो याची खात्री होती. त्याच साध्या यंत्रांमागे साठ वर्षांचं सावरणं आहे. तरी तुमचं एक म्हणणं उरतंच, आणि मी ते मोडून काढू शकत नाही. खात्री एका पातळीला पोचली की तिच्यापुढचा फायदा झोताकडून येईल की रुग्णालयाच्या व्यवस्थेकडून, हे आधी ठरलेलं नसतं. प्रोटॉनच्या बाबतीत तो झोताकडून येतो. खारघरला 2023 पासून प्रोटॉनने उपचार होतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो, पण ऊर्जेत एका टक्क्याची चूक झाली तर 15 सेंटिमीटर खोलीवर तो सुमारे अडीच मिलिमीटर मागेपुढे थांबेल. मेंदूजवळच्या गाठीला ते परवडत नाही. तिथे व्यवस्थेची कितीही चिकाटी असली तरी झोताला पर्याय नाही.

शंकेखोर : आणि खारघर इथून एक रात्रीचा प्रवास, शिवाय मुंबईत राहण्याचा खर्च. बरं, मला आता एक सरळ प्रश्न विचारू द्या. आपल्या जिल्ह्यात एक शेकाची खोली बांधायला पैसे आहेत असं धरा. एकच. तुम्ही काय लावाल?

उत्साही : भिंती त्वरकाच्या मापाने बांधीन. काँक्रीट जाड घ्यावं लागतं, नंतर वाढवता येत नाही. आत सुरुवातीला कोबाल्ट ठेवीन, कारण तो पहिल्या महिन्यापासून चालेल. आणि पाच वर्षांनी तुकडा बदलायची वेळ आली की त्याऐवजी त्वरक आणीन.

शंकेखोर : पाच वर्षांनी कोण आणणार? वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेची चर्चा आम्ही किती वर्षं ऐकली, आणि 2024 मध्ये वर्ध्याहून गाडी पोचली ती कळंबपर्यंत. तात्पुरतं म्हणून लावलेलं यंत्र आपल्याकडे पिढीभर तात्पुरतं राहतं. तेव्हा तुम्ही कोबाल्टला हो म्हणताय, त्वरकाला नुसती खोली राखून ठेवताय.

उत्साही : मग तुम्ही सांगा. थेट त्वरक आणू? लाइन जाईल तेव्हा?

शंकेखोर : मी कोबाल्टच म्हणतो. पण आता थोडं जड मनाने म्हणतो, कारण कोरड्या तोंडाच्या माणसाला मी काय सांगायचं ते मला माहीत नाही. आणि दुसरी भीती आहे. यंत्र कुठलंही असो, त्यासाठी वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ लागतो, त्याच्याशिवाय नियामक मंडळ शेक देऊ देत नाही, आणि देऊ नयेच. ती जागा मंजूर होऊन रिकामी राहिली तर तुमचा झोतही बंद आणि माझा कोबाल्टही बंद.

उत्साही : डवऱ्यावरचा हात कुणाचा, हे तुम्ही मघाशीच विचारलं होतं. हात याचाच. आता तो इथे यावा कसा? जिल्ह्यातली मुलं भौतिकशास्त्र घेतात, एमएस्सी होतात, पुण्या-मुंबईला जातात. त्यांना परत आणायला पगार आणि घर लागेल हे खरं, पण तेवढ्यावर कुणी टिकत नाही. हुशार माणसाला रोज सकाळी यंत्र तपासून सही करण्यापलीकडे काही सोडवायला हवं असतं. इंदूरला, जीनिव्हाला माणसं का राहतात? तिथे प्रश्न आहेत म्हणून.

शंकेखोर : प्रश्न इथे नाहीत का? विजेचा दाब दिवसातून दहादा खालीवर होतो, मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, थंड करायच्या पाण्यात क्षार, आणि सुटा भाग यायला महिना. एवढं असताना झोत दोन टक्क्यांच्या आत ठेवून दाखवायचा. याचं उत्तर इंदूरला सापडणार नाही, सर, कारण तिथली वीज चांगली आहे.

उत्साही : सापडणार नाही हे बरोबर. पण ते उत्तर कुणी शोधलं तरी लोक म्हणतील, हे काय, स्टॅबिलायझर आणि पाण्याची टाकी. याला संशोधन म्हणत नाहीत.

शंकेखोर : कोण म्हणत नाही? ते, की तुम्ही?